फावल्या वेळाचे मोल

आमच्याविषयी भावकीत एक वाक्य नेहमी बोलले जाते. ‘चाळिशी उलटली, लेक उंचीला आईएवढी झाली, तरी हे गृहस्थ रात्र रात्र मोबाईलवर खेळत बसतात.’ बोलणाऱ्यांचा त्यात दोष नाही. पाहणाऱ्याला तेवढेच दिसते. दिवसभर एका पतसंस्थेत लिपिक म्हणून खतावणी लिहायची, संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांकडे पाहायचे, आणि घरातले सगळे निजले की ओट्यावर बसून मोबाईलवरचे खेळ खेळायचे. हा आमचा विरंगुळा आहे असे लोकांना वाटते. वास्तविक ते काम आहे. २०२१ पासून आम्ही मोबाईलवरच्या खेळांची मराठीत परीक्षणे लिहितो. नाटक-सिनेमाचे परीक्षण असते, तसेच हे खेळाचे. पुण्याच्या एका संकेतस्थळावर ती येतात आणि दर परीक्षणामागे ठरलेले पैसे मिळतात.

हे आज लिहिण्याचे कारण असे, की आपल्या वस्त्यांतून आता पुष्कळ मुले-मुली अशी उक्ती कामे करू लागली आहेत. कोणी लग्नाच्या चित्रफिती जोडून देतो, कोणी मजकूर टंकलिखित करतो, कोणी घरबसल्या भाषांतर करते. नेमणूकपत्र नाही, हजेरीपट नाही, पगाराची तारीख नाही. आईबापांना वाटते, पोर रिकामे बसले आहे. पोराला वाटते, आपण मोठे कलावंत झालो. दोघांच्याही समजुतीत हिशेब नसतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्यामुळे वहीत लिहून ठेवण्याची खोड आम्हाला आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात घर बदलण्याची वेळ आली, पगार रखडला, आणि त्याच दिवसांत या रात्रीच्या कामाची खरी परीक्षा झाली. ती हकिगत वाचकांपुढे ठेवतो.

अडीचशे चौरस फूट

घर का बदलावे लागले हे सांगायचे तर ३० सप्टेंबर १९९३ पासून सुरुवात करावी लागते. त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. गणपती विसर्जनानंतरची ती पहाट, लोक दमून झोपले होते. किल्लारीचे नाव सर्वांच्या तोंडी राहिले, पण आमचे सास्तूरही त्याच पहाटे जमीनदोस्त झाले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशा घरांनीच माणसे गाडली. आमच्या घरावर पत्रे होते, म्हणून आम्ही जिवंत निघालो. आमचे वय तेव्हा बारा वर्षांचे होते.

पुढे काही वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये काढली. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ पासून पुनर्वसनाचे मोठे काम झाले, ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्यात घराचा आकार जमीनधारणेवर ठरला होता. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना ४०० चौरस फूट, त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. घरात माणसे किती, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. आमचे वडील शेतमजूर. त्यांच्या वाट्याला २५० चौरस फूट आले. उपकार विसरून आम्ही बोलत नाही. भिंती मजबूत होत्या, दारे रुंद होती, शेडनंतर ते घर म्हणजे वाडाच वाटला.

पण घर तेवढेच राहते आणि माणसे वाढतात. वडील गेले. आम्ही तीन भाऊ. थोरल्या दादांचे चौघे, आमचे चौघे, आई आणि धाकटा मिळून दहा माणसे त्या घरात होतो. पुढे पत्र्याची पडवी काढली, मागे न्हाणी बांधली. मे २०२५ मध्ये धाकट्याचे लग्न ठरले. नव्या सुनेला कोठे ठेवायचे, यावर तीन रात्री बैठक चालली. शेवटी आम्हीच म्हणालो, की आमची नोकरी लोहाऱ्याला आहे, रोजचे एसटीचे भाडे वाचेल, तेव्हा आम्ही तिकडे खोली घेतो. भांडण न होता वेगळे निघता आले, हे आम्ही मोठे भाग्य समजतो. आई म्हणाली, ‘मी नातीसंगं जाते. तिचा अभ्यास हाय.’

खेळांकडे कसे वळलो

आमचा आणि या खेळांचा परिचय १९९५ च्या उन्हाळ्यातला. मामांकडे चेंबूरला गेलो होतो. चाळीत एकाच्या घरी टीव्हीला जोडायचा खेळ होता. त्यातला मिशीवाला मारिओ पाहून आम्ही खुळे झालो. जपानच्या निन्टेंडो कंपनीने हा खेळ १९८५ साली काढला होता. चाळीतली मुले पाळीपाळीने खेळत, आमची पाळी सर्वांत शेवटी येई. गडी खड्ड्यात पडतो आणि पुन्हा पहिल्या जागेपासून उभा राहतो, एवढे एकच आम्हाला त्या वयात फार आवडले. पत्र्याच्या शेडमधून आलेल्या मुलाला ते का आवडले असेल, हे वाचकांनी ओळखावे.

मग पंचवीस वर्षे खेळाचे नाव नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली आणि मोबाईलबरोबर खेळ घरात शिरले. घरोघर मुंबईच्या एका कंपनीने २०१६ साली काढलेला लुडो किंग चालू होता, तर मोठी मुले पबजी खेळत. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा अभ्यासिकेतली दोन मुले दिवसभर जेवली नाहीत. आईबाप आमच्याकडे येऊन विचारू लागले, की हा खेळ बरा का तो बरा? मुले विचारत, ‘काका, जयभीम. हा डाउनलोड करू का? नेट किती खाईल?’

उत्तर द्यायचे तर आधी स्वतः खेळून पाहणे भाग होते. आम्ही खेळू लागलो आणि अभ्यासिकेच्या फळ्यावर चार-सहा ओळी लिहू लागलो. खेळ किती जागा घेतो, स्वस्तातल्या मोबाईलवर चालतो का, जाहिराती किती मिनिटांनी येतात, पैसे कोठे मागतो, इंग्रजी किती यावी लागते, रक्तपात किती, आणि लहान मुलाने मध्येच थांबायचे म्हटले तर थांबता येते का? पुण्यात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्या फळ्याची छायाचित्रे संकेतस्थळाच्या संपादकांना पाठवली. त्यांचा फोन आला, की असेच सविस्तर लिहा, पैसे देऊ. पतसंस्थेच्या अध्यक्षांची लेखी परवानगी घेऊन आम्ही काम सुरू केले.

या कामातून खेळ बनवणाऱ्यांचीही ओळख झाली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान मंडळींनी ‘राजी’ नावाचा खेळ २०२० साली जगापुढे आणला. आपल्या लहान भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ती कथा. २०१७ साली लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तेव्हा संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपले राहते घर विकून काम चालू ठेवले. कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांनी मुलींच्या विक्रीच्या प्रश्नावर ‘मिसिंग’ हा खेळ २०१६ साली आणला. खेळ म्हणजे सगळा वेळकाढूपणा, हे आमचे मत तेव्हा बदलले. चांगले पुस्तक असते, टाकाऊ पुस्तक असते, तसेच खेळाचे आहे. कोणीतरी बसून निवडून सांगावे लागते.

तासाला साडेसहासष्ट रुपये

आता हिशेब. २०२४-२५ या आर्थिक वर्षात आम्ही ४१ परीक्षणे लिहिली. त्यात लहान ३३, दर ७०० रुपये. मोठी ८, दर १,५०० रुपये. एकूण ३५,१०० रुपये. ऐकणाऱ्याला रक्कम बरी वाटते. भावकीत तर ‘खेळायचे पैसे मिळतात’ म्हणून थट्टा झाली. पण खर्च वजा करू. रात्रीच्या जादा इंटरनेटला वर्षाचे ३,६०० रुपये, विकत घ्याव्या लागलेल्या खेळांना १,१०० रुपये. उरले ३०,४०० रुपये.

मग तास मोजू. लहान परीक्षणासाठी खेळणे आणि लिहिणे मिळून नऊ तास जातात, मोठ्याला वीस. ३३ गुणिले ९ म्हणजे २९७, आणि ८ गुणिले २० म्हणजे १६०. एकूण ४५७ तास. तीस हजार चारशेला त्याने भागले तर तासाला साडेसहासष्ट रुपये पडतात. आमच्या गावात खुरपणीला बाईला जो रोज पडतो, त्याहून हे थोडेच अधिक. आणि तिला रोज त्याच संध्याकाळी किंवा आठवड्याच्या बाजारी मिळतो. आमचे बिल दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी निघे.

मुलांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. एका देणाऱ्याकडून वर्षात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त रक्कम मिळाली, की अशा कामावर बहुधा १० टक्के कर आधीच कापला जातो. ती मर्यादा तेव्हा ३०,००० रुपये होती. १ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० झाली आहे. आमचे ३,५१० रुपये असेच कापले गेले. अनेक मुले ते बुडाले असे समजतात. बुडत नाहीत. आपल्या पॅन क्रमांकावर ते जमा दिसतात, आणि आपले उत्पन्न करपात्र नसेल तर मुदतीत विवरणपत्र भरल्यावर परत येतात. आमचे आले. पॅन क्रमांक दिलाच नाही तर मात्र २० टक्के कापतात. बाराशे-पंधराशे रुपयांच्या बिलात हा फरक लहान नाही.

मग एवढ्या तुटपुंज्या पैशांसाठी डोळे का फोडायचे? आमच्या सहचारिणीने हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारला होता. उत्तर असे, की पतसंस्थेचा पगार १४,५०० रुपये. त्यात किराणा, औषधे, वीज, शाळा एवढे निघते, पण लेकीच्या पुस्तकांसारखा वेगळा खर्च निघत नाही. हे तीस हजार तेवढ्यासाठी होते. वहीत आम्ही त्याचे खातेच वेगळे ठेवले होते. दुसरे कारण असे, की हे काम आम्हाला आवडते. आवडीच्या कामाचे पैसे मागू नयेत, असा एक समज आहे. तो देणाऱ्यांच्या सोयीचा आहे.

खोली आणि देकार

एप्रिल २०२५ मध्ये लोहाऱ्याला खोल्या पाहू लागलो. पहिली खोली स्वस्त होती, डिपॉझिट १०,००० आणि भाडे २,२००. पण ती वरच्या मजल्यावर. आई जिना चढून वर आली, छताच्या स्लॅबकडे पाहिले आणि तशीच खाली उतरली. ‘मला वर नको रं. भुई हालली तर कुटं पळायचं?’ बत्तीस वर्षे झाली तरी आई दाराकडे डोके करून झोपते आणि दाराला आतून कडी लावू देत नाही. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तळमजल्यावरच्या, दार थेट अंगणात उघडणाऱ्या दोन खोल्या शेवटी मिळाल्या. डिपॉझिट २०,००० आणि भाडे ३,२००. आईच्या निर्धास्त झोपेसाठी महिन्याला हजार रुपये जादा, असा तो सौदा होता.

आमच्याजवळ शिल्लक ९,००० रुपये. पतसंस्थेतला पगार दीड महिना रखडलेला. संकेतस्थळाकडे बारा परीक्षणांचे ८,४०० रुपये थकलेले. लेकीची वह्या-पुस्तके जूनमध्ये घ्यायची. सामान न्यायला टेम्पो १,८०० मागत होता. घरमालकाने मेअखेरची मुदत दिली होती.

नेमक्या त्याच आठवड्यात एका जाहिरात संस्थेचा फोन आला. मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायच्या एका ॲपसाठी मराठीत तीन परीक्षणे हवी होती. दर प्रत्येकी ६,००० रुपये, म्हणजे १८,००० रुपये, निम्मे आगाऊ. अटी दोनच. ‘जाहिरात’ हा शब्द कोठे येऊ नये, आणि खेळून पैसे जिंकल्याचा स्वतःचा अनुभव लिहावा. आम्ही म्हणालो, की आम्ही तर खेळलोच नाही. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘सर, त्याची गरज नाही. अनुभव आम्ही लिहून पाठवू, तुम्ही फक्त तुमच्या भाषेत करा.’

आमची भाषाच त्यांना हवी होती. खेड्यातला वाचक ज्या शब्दांवर विश्वास ठेवतो, ते शब्द.

आम्ही दोन दिवस उत्तर दिले नाही. अठरा हजार म्हणजे आमचा सव्वा महिन्याचा पगार. डिपॉझिट जवळपास त्यातच भागत होते. शिवाय रमी बेकायदा नाही, असे ते सांगत होते, आणि १९६० च्या दशकातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले होते, हेही खरे. कागदावर आमच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

पण अभ्यासिकेत येणारा एक मुलगा आमच्या डोळ्यांपुढे होता. पोलीस भरतीची तयारी करणारा, धावण्यात सर्वांत पुढे. असल्याच एका ॲपवर त्याने पहिल्या आठवड्यात चारशे रुपये जिंकले. पैसे भरले की वर थोडा बोनस मिळे. पुढच्या चार महिन्यांत ४६,००० रुपये गेले. त्यात आईने बचत गटातून काढलेले कर्ज होते. हरल्यावर त्याचा राग कोणावर होता? स्वतःवर. ‘मलाच नीट खेळता येईना’ असे तो म्हणे. कौशल्याचा खेळ म्हटले की हरणाऱ्याला असेच वाटते, आणि तो पुन्हा पैसे भरतो. आम्ही त्याला उमरग्याला डॉक्टरांकडे नेले. खेळावरचा ताबा सुटणे हा आजार आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात नोंदवले आहे. मुलगा सावरला, पण त्या वर्षीची भरती हुकली.

तिसऱ्या रात्री आम्ही घरात विषय काढला. सहचारिणी भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, ‘अहो, त्या पोराच्या आईला मी दर महिन्याला गटात भेटते. तिच्या शेजारी बसायचं कसं?’ एवढेच बोलून त्यांनी भाकरी उलटली. आम्ही सकाळी फोन करून नकार कळवला. पलीकडच्या मुलाने कारणही विचारले नाही. त्याच्या यादीत आमच्यासारखी आणखी नावे असणारच.

परीक्षण म्हणजे काय, हे आम्हाला त्या दिवशी पुरते कळले. एका गरीब घराने दुसऱ्या गरीब घराला दिलेला तो सल्ला असतो. वेळ कोठे घालवावा, पैसा कोठे घालवू नये, हे सांगणे. तो सल्ला विकला तर पुढच्या सातशे रुपयांच्या परीक्षणालाही अर्थ उरत नाही, कारण वाचक पुन्हा आपले का ऐकेल? नीतीचे मोठे नाव याला देण्याची गरज नाही. दुकानदार मापात मारत नाही, तो उद्याही गिऱ्हाईक यावे म्हणून.

पैशांची सोय मात्र नकाराने होत नाही. सहचारिणींनी गटातून १२,००० रुपये काढले. घरमालक भले निघाले, निम्मे डिपॉझिट आता आणि निम्मे ऑक्टोबरअखेर घ्यायला कबूल झाले. तेव्हा १०,००० डिपॉझिट, ३,२०० भाडे आणि १,८०० टेम्पो मिळून १५,००० गेले. हातात ६,००० राहिले, त्यात वह्या-पुस्तके आणि जूनचा किराणा झाला. थकलेले ८,४०० रुपये आम्ही तीन स्मरणपत्रे पाठवून, प्रत्येक परीक्षणाची तारीख लिहून मागितले. ते जुलैत आले.

आवराआवर आणि दोन खेळ

जूनच्या पहिल्या रविवारी सामान हलवायचे, आणि त्याच आठवड्यात दोन मोठी परीक्षणे द्यायची कबूल केलेली. संपादकांना आम्ही विषय सुचवला होता, की घर आणि पैसा या दोन गोष्टींवरचे दोन खेळ एकत्र घेऊ. दिवसा पोत्यांत भांडी भरायची, रात्री पोत्यांवरच बसून खेळायचे.

पहिला खेळ ‘अनपॅकिंग’. ऑस्ट्रेलियातील विच बीम या लहान कंपनीने २०२१ साली काढलेला, २०२३ मध्ये मोबाईलवर आलेला. यात मारामारी नाही, गुण नाहीत. एक बाई १९९७ पासून २०१८ पर्यंत आठ वेळा घर बदलते, आणि आपण तिची खोकी उघडून एकेक वस्तू जागेवर लावायची. बाई शेवटपर्यंत दिसत नाही, बोलत नाही. वस्तूंवरूनच तिचे आयुष्य कळते. २०१० साली ती एका पुरुषाच्या घरी राहायला जाते. तेथे सगळीकडे त्याचेच सामान. तिचे पदवीचे प्रमाणपत्र लावायला भिंतीवर जागा सापडत नाही. आपण इकडेतिकडे ठेवून पाहतो, खेळ ऐकत नाही. शेवटी ते खाटेखाली सरकवावे लागते.

लेक आमच्या खांद्यावरून पाहत होती. ती म्हणाली, ‘पप्पा, तुमचं सर्टिफिकेट पण कॉटखालच्या ट्रंकेतच आहे की.’ खरे होते. वडिलांनी उसाच्या टोळीत जाऊन ज्या पदवीची फी भरली, तिला अडीचशे चौरस फुटांत भिंत मिळाली नव्हती. भिंतीवर धान्याची फळी होती, आणि तेच योग्य होते.

दुसरा खेळ ‘पेपर्स, प्लीज’. लुकस पोप नावाच्या एका माणसाने २०१३ साली केलेला, मोबाईलवर २०२२ मध्ये आला. यातला नायक म्हणजे एक कारकून! साल १९८२, देश काल्पनिक, काम सरहद्दीच्या नाक्यावर कागदपत्रे तपासण्याचे. तपासलेल्या माणसामागे पैसे, म्हणजे उक्तेच काम. पहिल्या दोन चुकांना ताकीद, तिसरीपासून दंड. आणि रोज रात्री पडद्यावर जमाखर्च येतो: भाडे, अन्न, ऊब, औषध. पैसे कमी पडले तर ठरवायचे, की आज मुलाला औषध द्यायचे की घरात शेगडी पेटवायची. मध्येच कोणी लाच देऊ करतो. खेळ ‘घेऊ नकोस’ म्हणत नाही. घेतली तर त्या रात्री मूल उपाशी राहत नाही, एवढेच दाखवतो.

आम्ही परीक्षणात लिहिले, की पगारावर जगणाऱ्या घराचे इतके खरे चित्र आम्ही दुसऱ्या कोणत्या खेळात पाहिले नाही. लाच घेणाऱ्याला शिव्या देणे सोपे असते, त्याच्या घरचा रात्रीचा जमाखर्च पाहिल्यावर अवघड होते. म्हणूनच पगार वेळेवर झाला पाहिजे, बिल वेळेवर निघाले पाहिजे. माणसाला लाचेपासून दूर ठेवायचे तर उपदेशाबरोबर त्याचे पैसेही तारखेला द्यावेत. हे वाक्य संपादकांनी कापले नाही, याबद्दल त्यांचे आभार. तेव्हा त्यांच्याकडे आमचे पैसे थकलेलेच होते!

रविवारी पाऊस आला. टेम्पोवर ताडपत्री घातली, धान्याची पोती वाचली, गादी भिजली. दुसरे परीक्षण आम्ही नव्या घरातून, सामान लागायच्या आत रात्री अकराला पाठवले.

आता थोडे कामाचे

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्या महिन्यातच मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. कायदा झाला म्हणून आमचा नकार बरोबर ठरला, असे आम्ही म्हणत नाही. मे महिन्यातही तो बरोबरच होता. पण तशा मजकुराखाली आपले नाव देण्याआधी आता प्रत्येक मुलाने हा कायदा आठवावा.

ज्या घरात कोणी असे उक्ते काम करते, त्यांना आमचे चार शब्द. कामाआधी दर लेखी घ्या, मोबाईलवरचा संदेश चालेल. एक वही करा. तारीख, काम, तास, दर, मिळाले की नाही, असे पाच रकाने आखा. वर्षअखेर तासाचा दर काढा. तो खुरपणीच्या रोजापेक्षा कमी निघाला, तर दर वाढवून मागा किंवा काम बदला. पॅन क्रमांक द्या आणि विवरणपत्र भरा. या कामाच्या भरवशावर कर्ज काढू नका, कारण बिलाला तारीख नसते. आणि घरातल्यांनी, काम करणाऱ्या पोराला रात्री दोन तास आणि एक कोपरा द्यावा. अडीचशे चौरस फुटांतही तो निघतो, आमचा ओट्यावर निघाला होता.

ज्यांची मुले नुसती खेळतात, त्यांनी मोबाईलच्या प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावून घ्यावी आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. चुकून पैसे गेले तर ४८ तासांच्या आत तेथेच परताव्याची मागणी करता येते. मूल खेळापासून सुटतच नसेल तर मारू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, तेथे मराठीत बोलता येते.

आमचे म्हणाल तर डिपॉझिटचा दुसरा हप्ता ऑक्टोबरअखेर फिटला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत जिल्ह्यातले सोयाबीन गेले, पतसंस्थेची वसुली थांबली, पगार पुन्हा मागेपुढे होऊ लागला. गटाचे हप्ते सहचारिणी नेमाने भरतात. आई नव्या घरीही दाराकडेच डोके करून झोपते, कडी लावू देत नाही. आणि आम्ही संपादकांना पत्र लिहून लहान परीक्षणाचा दर ७०० वरून ९०० करून मागितला आहे. सोबत वहीची नक्कल जोडली आहे.